आयुष्मान कार्डावर थेरपी का बसत नाही? बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकरांनी आपापला अनुभव लिहा

मार्कंडेयकाठ

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबलचक आहे, पण शेवटपर्यंत वाचा आणि आपल्या घरचं, गावचं जरूर लिहा.

माझ्या सासूबाईंना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. हॉस्पिटलचा सगळा खर्च बीपीएल कार्डावर निभावला आणि त्याबद्दल मला योजनेचं कौतुकच आहे. डिस्चार्जच्या कागदावर डॉक्टरांनी लिहिलं होतं: गोळ्या चालू ठेवा, फिजिओथेरपी रोज, स्पीच थेरपी आठवड्यातून तीनदा. गोळ्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) मिळतात. बाकीच्या दोन गोष्टींचं काउंटरवरच्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) विचारलं. तो भला माणूस, यादी उघडून बघितली आणि म्हणाला, "अक्का, हे कार्डात बसत नाही."

तो खरंच बोलला. आपल्याकडची योजना म्हणजे केंद्राची आयुष्मान भारत आणि राज्याची आरोग्य कर्नाटक, २०१८ मध्ये एकत्र केलेली. बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, एपीएलवाल्यांना पॅकेजच्या (उपचाराच्या ठरलेल्या दराच्या) ३० टक्के आणि वर्षाला दीड लाखाची मर्यादा. पण योजना मुळात दाखल होणाऱ्या पेशंटसाठी. केंद्राच्या नियमात डिस्चार्जनंतरच्या १५ दिवसांचाच खर्च धरलाय. पॅरालिसिसचा माणूस १५ दिवसांत धड बसायलाही शिकत नाही. पेशंट खाटेवर आहे तोवर सरकार पाठीशी, आणि त्याला खाटेवरून उठवायची वेळ आली की घरच्यांनी बघायचं, असं झालंय.

आता कुणी म्हणेल, रोज रोज करायच्या गोष्टीला विमा कसा देणार? मग डायलिसिस बघा. तेही वर्षानुवर्षं चालतं, आठवड्यातून दोन-तीनदा करावं लागतं. पेशंट सकाळी येतो, चार तासांनी घरी जातो. सरकारने त्याचं प्रत्येक वेळचं पॅकेज केलं, शिवाय २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू केला, आणि आज गरिबाच्या घरात डायलिसिससाठी दागिने मोडायची वेळ तेवढी येत नाही. म्हणजे एकेक सत्र मोजून पैसे द्यायची पद्धत सरकारला ठाऊक आहे. तीच पद्धत दीर्घ आजारांच्या थेरपीला लावा, एवढंच माझं मागणं आहे.

तुमच्या घरी कुठला आजार, कुठली थेरपी सांगितली, किती दिवस जमली आणि का थांबली, ते लिहा. त्यावरून निवेदन तयार करू.

जांबोटीकर

ताई, आमच्याकडची अडचण पैशाच्या आधी सुरू होते. आईला पार्किन्सन. फिजिओ बेळगावात. बायकांना मोफत बस देणाऱ्या शक्ती योजनेमुळे आईला तिकीट नाही, पण तिला धरून नेणाऱ्या मला आहे आणि माझा रोजगार बुडतो तो वेगळा. भाताच्या सुगीत तर नेणं होतच नाही. कार्डात थेरपी घातली तरी ती तालुक्यात, खानापुरात मिळाली पाहिजे. नाहीतर घाटाकडच्या गावांना तिचा उपयोग नाही.

आनगोळची फिजिओ

मी फिजिओथेरपिस्ट आहे, बरीच वर्षं न्यूरोचेच (मेंदू-मज्जातंतूंच्या आजारांचे) पेशंट बघते. थोडं सविस्तर लिहिते, कारण 'फिजिओ म्हणजे मालिश' असा समज अजून आहे आणि योजना आखणाऱ्यांतही तो असावा असं वाटतं.

पॅरालिसिसमध्ये मेंदूचा जो भाग मेला तो परत येत नाही. शेजारचे भाग त्याचं काम शिकतात, आणि ते शिकतात फक्त पुन्हा पुन्हा तीच हालचाल करून. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त असतो. नंतरही सुधारणा होते, पण सावकाश. आणि नेमक्या याच तीन महिन्यांत घरचे पैसे संपलेले असतात. पेशंट पंधरवडाभर येतो, मग फोन येतो, "मॅडम, आता घरीच करतो."

घरी काय होतं? प्रेमानेच होतं, पण चुकीचं होतं. लुळ्या बाजूचा हात धरून ओढून उठवतात, त्याने खांदा निखळतो आणि मग दुखण्यामुळे पेशंट हातच लावू देत नाही. हातात मऊ चेंडू देऊन दाबायला सांगतात. बोटं आधीच आत वळत असतात, ती आणखी घट्ट मिटतात. बोटं उघडायला शिकवायची असतात, ते राहूनच जातं. उठवताना लुळ्या बाजूला उभे राहा, कमरेला हात किंवा पट्टा धरा, पेशंटचे दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकवा, आणि त्याला पुढे झुकवून मग उभं करा. हे कुणीतरी समोर उभं राहून शिकवावं लागतं.

जांबोटीकर, तुमच्या आईंबद्दल: पार्किन्सनचा पेशंट दारात, उंबऱ्याशी थबकतो, पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. तिथे फरशीवर पावलाएवढ्या अंतरावर रंगीत चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारा आणि 'रेघ ओलांडा' म्हणा. पुष्कळांचं पाऊल सुटतं. मात्र सोबत कुणीतरी हवंच.

आणि सरकारच्या हिशोबाचंही सांगते. तोल सांभाळायचा व्यायाम न मिळालेला म्हातारा माणूस पडतो, खुब्याचं हाड मोडतं, ते ऑपरेशन कार्डावर होतं. अंथरुणाला खिळलेल्याला बेडसोअर होतात, न्यूमोनिया होतो, तो पुन्हा दाखल होतो. तेही कार्डावर. पडू नये म्हणून शिकवायला मात्र योजनेत जागा नाही.

उद्यमबागवाला

फाउंड्रीत आहे. माझी ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) आहे, त्यामुळे ओपीडीही मिळते, फिजिओही मिळाली मणक्यासाठी. पगारातून ०.७५ टक्के जातात, मालक ३.२५ भरतो. पण पगार २१ हजारांच्या वर गेला की पुढे ईएसआय बंद. कंत्राटी कामगाराची तर नोकरी सुटली की गेली. मणका काही नोकरीबरोबर सुटत नाही. माझ्या लाईनमधल्या एकाला धुळीने फुफ्फुसं गेली, काम सुटलं, आता तो बीपीएल कार्डावर. काल जे मिळत होतं ते आज नाही, आजार तोच.

हिंदवाडीकर काका

मी विमा क्षेत्रात आयुष्य काढलं. भावना समजतात, तरी दोन शंका मांडतो, कारण बंगळुरात कुणीतरी त्या मांडणारच.

पहिली, खोटी बिलं. ऑपरेशनचा टाका दिसतो, एक्स-रे दिसतो. अर्धा तास व्यायाम करून घेतला की नाही, हे कशावरून ठरवणार? उद्या गल्लोगल्ली थेरपी सेंटरं उघडतील आणि न आलेल्या पेशंटची सत्रं लावतील. दुसरी, अचानक येणाऱ्या मोठ्या खर्चासाठी विमा असतो. कायमचा चालणारा खर्च विम्यात घातला की मोठ्या ऑपरेशनसाठीचा पैसा त्यात जिरतो. त्यापेक्षा तालुका हॉस्पिटलात पगारी फिजिओ नेमा, हे स्वस्त आणि सरळ. माझा विरोध नाही, पण निवेदनात याचं उत्तर हवं.

मार्कंडेयकाठ

काका, बरं झालं लिहिलंत. पगारी नेमणूक हवीच, त्यात दुमत नाही. ज्येष्ठांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा हॉस्पिटलात फिजिओथेरपी युनिट आणि सामुदायिक आरोग्य केंद्रात पुनर्वसन कर्मचारी, असं धरलेलंच आहे. सगळ्यांना विनंती, आपल्या तालुका हॉस्पिटलात जाऊन बघा, ही खोली आहे का, उघडी असते का, आठवड्यातले किती दिवस. पण जागा भरेपर्यंत पेशंटचे तीन महिने थांबत नाहीत. जिथे सरकारी माणूस आहे तिथे त्याच्याकडे, जिथे नाही तिथे कार्डावर बाहेर. कर्नाटकात तशीही आधी सरकारी हॉस्पिटल आणि तिथून रेफरल चिठ्ठी, अशीच रीत आहे.

'विमा' या शब्दाबद्दल एक. आपल्या राज्यात मध्ये विमा कंपनी नाही. राज्य सरकारचा सुवर्ण आरोग्य सुरक्षा ट्रस्ट थेट हॉस्पिटलला पैसे देतो. केंद्राने धरलेल्या गरीब कुटुंबांपुरता केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. आरोग्य हा राज्याचा विषय आणि केंद्राच्या यादीत आपली भर घालायची मुभा राज्यांना आहे. म्हणजे दाद मागायची ती आपल्याच सरकारकडे.

आनगोळची फिजिओ

काका, खोट्या बिलांवर उपाय आहे. डायलिसिसप्रमाणे प्रत्येक सत्राला पेशंटची बायोमेट्रिक हजेरी घ्या. सुरुवातीला आणि दर महिन्याला बार्थेल इंडेक्स भरा. त्यात खाणं, अंघोळ, कपडे, संडास, खुर्चीतून उठणं, चालणं, जिना अशा दहा गोष्टींना मिळून १०० पैकी गुण असतात. सरकारी डॉक्टरही दहा मिनिटांत तपासू शकतो. गुण वाढत असतील तर पुढची सत्रं मंजूर करा. वाढत नसतील तर घरच्यांना शिकवून थांबवा. आम्हा फिजिओंची नोंदणीही आता २०२१ च्या केंद्रीय कायद्याखाली येते, त्यामुळे सत्र कुणी घेतलं हेही तपासता येईल.

सोनूची आई

माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. थेरपीला विमा देता येतो याचा पुरावा आमच्या घरात आहे, त्याचं नाव निरामय. राष्ट्रीय न्यासाची योजना, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी वर्षाला १ लाखापर्यंत. त्यात दाखल न होता ओपीडी चालते आणि कायम चालणाऱ्या थेरपीसाठी वेगळी रक्कम ठेवलेली आहे. आधी तपासण्या लागत नाहीत. पैसे आपण भरायचे, थेरपिस्टचं बिल, डॉक्टरची चिठ्ठी जोडायची, मग परत मिळतात. कागद जपून ठेवावे लागतात, एक तारीख चुकली तर परत पाठवतात, तरी मिळतात.

तेव्हा 'थेरपी विम्यात बसत नाही' असं कुणी म्हटलं तर निरामय दाखवा. केंद्राच्या कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेच्या (सीजीएचएस) दरपत्रकातही फिजिओथेरपी आहे. सरकार आपल्या माणसांना देतं, मग शेतमजुराला का नको?

हिंदवाडीकर काका

निरामयचं मला ठाऊक नव्हतं, धन्यवाद ताई. हे निवेदनात पहिल्या पानावर घ्या. अधिकाऱ्याला सरकारचाच दाखला दिला की तो फाईल सहज बाजूला टाकत नाही.

वडगावची विणकर

मी लिहू का? मला संधिवात, आरए. मागावर बसायची. सकाळी बोटं आखडतात, धागा धरवत नाही, चहाचा कप दोन्ही हातांनी धरते. गोळ्यांनी सूज उतरली, पण हाताचे व्यायाम शिकवतो म्हणाले ते बाहेर, पैसे देऊन. दोनदा गेले, सोडलं.

पण त्याहून दुसरंच सांगायचं होतं. माग बंद झाला आणि मला काहीच नको वाटायला लागलं. रात्रीची झोप नाही, जेवण नाही, कुणी बोललं की रडू. घरचे म्हणायचे, दुखण्यामुळं असेल की. डॉक्टरांनी समुपदेशन लिहून दिलं. समुपदेशन करणाऱ्या बाई चांगल्या, पण कन्नड आणि इंग्रजीत बोलायच्या. बाजारापुरती कन्नड येते मला, ही गोष्ट त्या भाषेत सांगता येईना. गेले नाही पुढं. यातून निघायला फार वेळ लागला. आता बरी आहे, सोप्या कामाला जाते. माझ्यासारख्या कितीजणी असतील आमच्या गल्लीत, त्या लिहायच्या नाहीत म्हणून मी लिहिलं.

मार्कंडेयकाठ

लिहिलंत ते फार चांगलं केलंत ताई. सगळ्यांनी वाचा हे.

मानसिक आजाराबाबत कायदा आपल्या बाजूचा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम २१(४) आहे: शारीरिक आजारासारखाच मानसिक आजाराचाही विमा प्रत्येक विमा कंपनीने दिला पाहिजे. आयुष्मानच्या यादीत मानसिक आजारांची पॅकेजेस आहेत, पण तीही दाखल होणाऱ्यांची. २०२२ च्या केंद्रीय यादीत १,९४९ उपचार आहेत. आठवड्याला तासभर बसून बोलण्याचा उपचार त्यात बसत नाही, आणि दीर्घ आजाराने खचलेल्या माणसाला दाखल करून घेण्यापेक्षा तोच हवा असतो.

तोवर काय करता येईल? तालुका हॉस्पिटलात मंगळवारी मनोचैतन्य क्लिनिक असतं, मानसोपचारतज्ज्ञ येतात, मोफत. मोठ्या उपचाराला धारवाडची मानसिक आरोग्य संस्था जवळ आहे. आणि टेलि-मानस या सरकारी हेल्पलाईनचा नंबर १४४१६, दिवसरात्र चालू, मराठीतही बोलता येतं. भाषेचा पर्याय विचारतात तेव्हा मराठी निवडायची. आपल्याच राज्यात, बळ्ळारी जिल्ह्यात, बंगळुरातल्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने १९८० च्या दशकात गावपातळीवर मानसिक उपचार पोहोचवून दाखवले आणि देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम त्यावरूनच बेतला गेला. कर्नाटकला हे जमतं हे सिद्ध झालेलं आहे.

आणि भाषेचा मुद्दा मी निवेदनात स्वतंत्र घालणार. सासूबाईंना पहिला शब्द परत आला तो 'पाणी'. त्यांची वाचा मराठीतून गेली आहे, ती मराठीतूनच परत यायची. स्पीच थेरपीत चित्रं दाखवून नावं म्हणवून घेतात, गाण्याची ओळ अर्धी सोडून पुरी करायला लावतात. चित्राखालचं नाव पेशंटच्या भाषेतलं नसेल तर तो उपचारच होत नाही. मैसूरला अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आहे, १९६० च्या दशकातली, देशातली नावाजलेली. सीमाभागासाठी मराठीत काम करणारे स्पीच थेरपिस्ट तिथून तयार करावेत, अशी मागणी राज्याकडे करणं अगदी रास्त आहे.

वेदगंगा

निपाणीहून. आमच्याकडे तंबाखूच्या वखारीत आणि विड्या वळण्यात आयुष्य गेलेल्या बायका आहेत. दमा, सीओपीडी (फुफ्फुसांचा जुनाट आजार). इन्हेलर मिळतो. ओठ चिमटून श्वास सोडायचा, दम न लागता पायऱ्या कशा चढायच्या, हे शिकवणारा पुनर्वसन कार्यक्रम जवळपास नाही.

एक विचारतो. २०२३ मध्ये महाराष्ट्राने महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं, कर्नाटकने हरकत घेतली. आपण त्यासाठीच का भांडू नये?

मार्कंडेयकाठ

वेदगंगा दादा, ते भांडण चालू राहू दे, त्यात मी पडत नाही. एवढंच बघा की तीही योजना मुळात दाखल होणाऱ्यांचीच. कोल्हापूरला जा नाहीतर बेळगावला, फिजिओच्या बिलाला दोन्हीकडे तेच उत्तर. आपण कर कर्नाटकात भरतो, कार्ड कर्नाटकाचं, मतं इथेच देतो. थेरपीची मागणी सौंदत्तीच्या कानडी शेतकऱ्याचीही आहे. त्याला सोबत घेतलं तर मागणीला वजन येईल. सीमाप्रश्नाच्या धाग्यावर ती टांगली तर दोन्ही सरकारं तिच्याकडे बघणार नाहीत, अशी मला भीती वाटते.

निवेदनाचा मजकूर असा ठरवते, दुरुस्त्या सुचवा:

"आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत अर्धांगवायू, पार्किन्सन, संधिवात, सीओपीडी, मणक्याची इजा व तत्सम दीर्घ आजारांसाठी फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामे पुन्हा शिकवणारे उपचार), स्पीच थेरपी व समुपदेशन यांची डायलिसिसप्रमाणे प्रति सत्र पॅकेजेस समाविष्ट करावीत. डिस्चार्जनंतरची मुदत १५ दिवसांवरून किमान सहा महिने करावी. सत्रे तालुका हॉस्पिटलात मिळावीत. तिथे सोय नसेल तर रेफरलवर नोंदणीकृत थेरपिस्टकडे. बायोमेट्रिक हजेरी व दरमहा कार्यक्षमता मोजणी सक्तीची करावी. वाचा व समुपदेशनाचे उपचार पेशंटच्या मातृभाषेत उपलब्ध असावेत. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत थेरपीचा खर्च मिळतोच, याकडे आम्ही लक्ष वेधतो."

डिसेंबरात सुवर्ण विधानसौधात अधिवेशन भरतं, आरोग्यमंत्री बेळगावात असतात. त्याआधी आपल्या आमदारांना प्रत द्यायची, म्हणजे सभागृहात प्रश्न विचारता येईल. ग्रामसभेत ठराव झाला तर आणखी उत्तम. निवेदन कन्नडमध्ये द्यायचं, सोबत मराठी प्रत. पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडायचं नाही, शिक्का आणि आवक क्रमांक घ्यायचाच.

जांबोटीकर

त्यात एक ओळ घाला ताई: दुर्गम गावांत आशा कार्यकर्त्या आणि आरोग्य मंदिरातल्या सीएचओंना (आरोग्य अधिकाऱ्यांना) घरी करायचे साधे व्यायाम शिकवावेत. फिजिओ महिन्यातून एकदा आला आणि मधल्या दिवसांत त्यांनी लक्ष ठेवलं तरी आमचं पुष्कळ भागेल. खानापूरच्या आमदारांना मी नेऊन देतो.

मार्कंडेयकाठ

घातली.

उद्यमबागवाला

नोकरी सुटल्यावर ईएसआयचे चालू उपचार कार्डावर पुढे चालावेत, हेही घाला. कामगारांच्या सह्या मी गोळा करतो.

हिंदवाडीकर काका

कन्नड भाषांतर माझ्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक करून देतील. एका सत्राला किती खर्च धरायचा याचा अंदाज फिजिओताईंनी द्यावा, मी तीन महिन्यांचा हिशोब मांडून त्याशेजारी खुब्याच्या ऑपरेशनचं योजनेतलं पॅकेज ठेवतो. आकडा नसेल तर अर्थखातं हात लावत नाही.

आनगोळची फिजिओ

काका, आजाराप्रमाणे सत्रांची संख्या आणि वेळ रात्री टाकते. पॅरालिसिस, पार्किन्सन, आरएचा हात, सीओपीडी, चारही वेगळे धरावे लागतील. आणि वडगावच्या ताई, दुपारी दोननंतर क्लिनिकवर या. हाताचे व्यायाम शिकवते, पैशाचं बघू नका. येताना रोजच्या वापरातला कप आणि लाटणं घेऊन या, पकड त्यावरच बसवू.

वडगावची विणकर

येते ताई. शेजारच्या दोघींनाही आणू का? त्यांचंही तेच आहे.

आनगोळची फिजिओ

आणा. तिघींचे रेशनकार्ड आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांच्या झेरॉक्सही आणा, निवेदनाला जोडायला लागतील.